एका बोटाचा पडदा, दहा बोटांचा पडदा आणि मुलांचे हात

व्हिडिओ गेमचा विषय निघाला की दवाखान्यात येणाऱ्या पालकांची पहिली तक्रार डोळ्यांची असते. चष्मा लागेल का, नंबर वाढेल का. दुसरी तक्रार अभ्यासाची. हाताबद्दल सहसा कोणी विचारत नाही. वास्तविक या खेळात सर्वांत जास्त राबतो तो हात, आणि हातातही अंगठा.

म्हणूनच एका शिक्षक वाचकांचे पत्र वाचून बरे वाटले. त्यांच्या भावाने परदेशातून मुलांसाठी खेळाची दोन यंत्रे आणली आहेत. जुन्या यंत्राच्या पडद्यावर एका वेळी एकच बोट चालते, नव्या यंत्राच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक बोटे चालतात. दुकानदार म्हणतो, जुने भंगारात द्या. 'मुलांच्या हातांना यातले कोणते बरे?' असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. पण जुने यंत्र भंगारात देऊ नका, एवढे आधीच सांगून ठेवतो. त्याचे कारण पुढे येईलच.

प्रथम हे दोन पडदे वेगळे कसे, ते पाहू. दोन्ही वरून सारखेच दिसतात.

एका बोटाच्या पडद्यात दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यात केसाएवढी फट असते. वरचा थर मऊ, लवचीक. बोटाने, नखाने किंवा काडीने दाबले की वरचा थर खालच्या थराला टेकतो आणि तेथून वीज वाहते. कोठे टेकला, ते यंत्र मोजते. म्हणजे हा पडदा दाबावर चालतो. दाबणारी वस्तू कोणती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. लाकडी पेन्सिलचे मागचे टोकही चालते. मात्र एकदम दोन ठिकाणी दाबले तर त्याचा गोंधळ होतो आणि तो दोन्हींच्या मधलाच कुठलातरी बिंदू धरतो. निन्टेंडो या जपानी कंपनीचे २००४ साली आलेले 'डीएस' हे हातात धरायचे यंत्र असेच होते आणि सोबत प्लॅस्टिकची काडी मिळत असे. याच कंपनीने २०१२ साली 'वी यू' हे टीव्हीला जोडायचे यंत्र काढले. त्याच्या कंट्रोलरवरच सव्वासहा इंचांच्या आसपासचा पडदा बसवलेला होता आणि तोही एका बोटाचाच. तोवर घरोघरी अनेक बोटांचे मोबाइल आले होते, त्यामुळे कंपनीवर बरीच टीका झाली. २०१७ च्या सुरुवातीला त्या यंत्राचे उत्पादन थांबले.

अनेक बोटांचा पडदा बहुधा काचेचा. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या तारांची जाळी असते आणि तिच्यावर अगदी थोडा विद्युतभार असतो. आपल्या शरीरातून वीज वाहू शकते, त्यामुळे बोट टेकताच तेथला थोडा भार बोटाकडे ओढला जातो. जाळीतल्या प्रत्येक छेदावर हा फरक स्वतंत्रपणे मोजला जातो, म्हणून दोन, चार, दहा बोटे एकदम टेकली तरी यंत्राला ती वेगवेगळी कळतात. दाबावे मुळीच लागत नाही. सोनीचे 'व्हिटा' हे २०११ चे यंत्र आणि निन्टेंडोचे २०१७ मधले 'स्विच' यांचे पडदे याच जातीचे. आपल्या खिशातला मोबाइलही याच जातीचा.

आता कोणी म्हणेल, दाबावे लागत नाही तर मग काचेचा पडदा हाताला सोपाच असणार. वरवर पाहता खरे आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बटण असते तेव्हा अंगठा त्यावर विसावू शकतो. दाबेपर्यंत काही होत नाही. मऊ पडद्यावरही बोट हलकेच टेकवून ठेवता येते. काचेच्या पडद्याला नुसता स्पर्श झाला तरी तो हुकूम समजतो. म्हणून खेळणारा मुलगा अंगठा काचेपासून अर्धा बोट वर, अधांतरी धरून बसतो. एखाद्या मुलाच्या नकळत त्याच्याकडे दहा मिनिटे पाहा, हे दिसेल. अंगठा वर उचलून धरणे हे काम ज्या दोन स्नायूंचे आहे, त्यांच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूने एका अरुंद बोगद्यातून जातात. हात उचलून धरण्याचे हे काम तासभर अखंड चालले, तर त्या बोगद्यातच कुरकुर सुरू होते.

मऊ पडद्याची कुरकुर निराळी. तेथे दाब द्यावा लागतो. काडी असली तर ती चिमटीत धरावी लागते. चिमटीत एक किलो जोर लावला की अंगठ्याच्या अगदी मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा भार पडतो, हे हाडांच्या अभ्यासकांनी १९७७ सालीच गणिताने दाखवून दिले आहे. खेळायला एक किलो जोर लागतो असे नव्हे; पण मुले खेळाच्या भरात काडी कशी आवळून धरतात, ते आपण पाहिलेच असेल. परीक्षेतल्या पेपरसारखीच. पोरासोरांचा सांधा हा ताण सोसतो. पन्नाशीच्या आजीबाई, ज्यांचा तो सांधा आधीच झिजलेला आहे, त्यांनी नातवाबरोबर काडी घेऊन बसताना बेताने घ्यावे.

म्हणजे एका पडद्यात दाबण्याचा ताण, दुसऱ्यात न टेकण्याचा ताण. शिवाय दोन्हींत यंत्र उचलून धरण्याचा ताण आहेच, आणि माझ्या मते खरे पाणी तेथेच मुरते. जुने डीएस (नंतरचे हलके रूप) सव्वादोनशे ग्रॅमच्या आतले होते. व्हिटा सुमारे २६० ग्रॅम. स्विच दोन्ही बाजूंच्या दांड्यांसह सुमारे ४०० ग्रॅम. वी यूचा कंट्रोलर जवळजवळ अर्धा किलो, आणि २०२५ मध्ये आलेले दुसरे स्विच त्याच्याही थोडे पुढे. अर्धा किलो साखरेची पिशवी दोन्ही हातांत, कोपर शरीरापासून सुटे ठेवून, तासभर धरून पाहा. पडद्यावर एक बोट चालते की दहा, हा वाद त्यानंतर आठवणारही नाही.

'निन्टेंडोचे दुखणे'

गेममुळे हात दुखणे हा काही आजचा शोध नाही. १९९० साली अमेरिकेतील 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मान्यवर नियतकालिकात एका डॉक्टरांचे छोटेसे पत्र छापून आले. ३५ वर्षांची एक बाई पाच तास सलग निन्टेंडो खेळली आणि तिच्या उजव्या अंगठ्याची कंडरा सुजली. डॉक्टरांनी या दुखण्याला यंत्राचेच नाव दिले. पुढे २००७ मध्ये त्याच नियतकालिकात बार्सिलोनाहून दुसरे पत्र आले. तेथे टीव्हीसमोर हात हलवून खेळायच्या टेनिसने २९ वर्षांच्या एका डॉक्टरचाच खांदा धरला होता. खेळ बदलला, दुखणारी जागा बदलली, एवढेच.

त्याहून बोलके उदाहरण २००० सालचे. 'मारिओ पार्टी' नावाच्या खेळात कंट्रोलरवरची छोटी दांडी भराभर गोल फिरवावी लागे. अंगठ्याने वेग येईना, म्हणून मुले तळहाताने फिरवू लागली आणि तळहाताला फोड आले, कातडी सोलवटली. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी वकिलांनी लक्ष घातल्यावर कंपनीने मुलांना हातमोजे देण्याचे मान्य केले. एखाद्या खेळासाठी हातमोजे वाटण्याची पाळी आली, यावरून कंट्रोलरची घडण हा आरोग्याचाही प्रश्न असतो हे पटावे.

आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात अशी यंत्रे थोडी. ती बहुधा नातेवाइकांच्या बॅगेतून येतात. मोबाइल मात्र घरोघरी आहे आणि त्यावरचे बंदुकीचे खेळही. पब्जी मोबाइलवर २०२० मध्ये बंदी आली, पण त्या जातीचे खेळ थांबले नाहीत. हे खेळ अनेक बोटांच्या पडद्याशिवाय खेळताच येत नाहीत. डावा अंगठा चालतो, उजवा नेम धरतो, आणि ज्यांना 'चांगले' खेळायचे असते ती मुले दोन्ही तर्जन्या वरून वाकवून गोळ्या झाडण्यासाठी वापरतात. खेकड्याच्या नांगीसारखी ही पकड. मोबाइलचे सगळे वजन मग करंगळ्यांवर आणि तळहाताच्या कडेवर येते, तर्जनीची तिन्ही पेरे दुमडलेली राहतात. बारावीतला एक मुलगा माझ्याकडे बोट सकाळी 'अडकते' म्हणून आला होता. वडिलांना वाटत होते, लिहून लिहून झाले असेल. मुलगा मान खाली घालून गप्प होता. मी दोन्ही हातांनी हवेत मोबाइल धरून दाखवला, तेव्हा हसला.

अंगठ्याकडील मनगट दुखणे ओळखायला सोपे आहे. स्वित्झर्लंडच्या डी क्वेर्व्हेन या शल्यवैद्याने १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून आजही त्याचेच नाव चालते. अंगठा मुठीत बंद करा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवा. थोडी ओढ सर्वांनाच बसते. पण कळ निघून हात मागे घ्यावासा वाटला, तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट आहे. हे दुखणे खेळणाऱ्या मुलांपेक्षा तान्ह्या बाळाला सारखे उचलणाऱ्या आयांमध्ये जास्त आढळते, हेही सांगायला हवे. दुपारी बाळ मांडीवर आणि मोबाइल हातात, असे असेल तर दोन्ही भार एकाच कंडरेवर येतात. मुलांमध्ये बहुतेक वेळा नुसता थकवा असतो. आठ-दहा दिवस खेळ बंद ठेवला, दिवसातून दोन-तीनदा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावला की बरे वाटते. मोठ्यांना अंगठ्यासह मनगट स्थिर ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधावा लागतो. त्यानेही न भागल्यास स्टिरॉइडचे इंजेक्शन असते, आणि ते बरेचदा गुण देते. मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. दुखऱ्या जागेला तेल लावून जोरजोराने चोळून घेण्याची आपली पद्धत येथे उपयोगी नाही. सुजलेल्या नळीला रगडून सूज वाढते.

ज्यांना एकच हात चालतो

आता जुने यंत्र का ठेवावे, ते सांगतो. या प्रश्नाकडे दुकानदाराचे लक्ष जात नाही आणि कंपनीचेही फार उशिरा गेले.

जन्मापासून माझ्याकडे येणारी अकरा वर्षांची एक मुलगी आहे. जन्मवेळी मेंदूला इजा झाल्याने तिची उजवी बाजू अधू राहिली. उजवा हात कोपरात वाकलेला, मूठ मिटलेली. बुद्धीने चलाख आहे, शाळेत पहिल्या पाचात असते. दर सुट्टीत मामाकडे जायची. मामाच्या मुलांकडे मोबाइलवर खेळ सुरू झाले आणि दोन वर्षांत तिने मामाकडे जाणेच सोडले. आईला कारण कळेना. कारण साधे होते. त्या खेळांना दोन अंगठे लागतात, चित्र मोठे करायला दोन बोटे फाकवावी लागतात, आणि तिचा दुसरा हात पडद्यावर नुसता टेकला तरी मोबाइल त्याला तिसरे बोट समजून भलतेच काही करतो. मुले म्हणायची, 'तू बघ.' आणि ती बघत बसायची.

कोणाकडून तरी त्यांना एक जुने डीएस मिळाले. ते टेबलावर उघडून ठेवता येते. त्यातल्या पुष्कळ खेळांना काडीशिवाय काही लागत नाही. मेंदूला चालना देणारा म्हणून २००५ साली जपानात निघालेला एक खेळ तर पुस्तकासारखा आडवा धरून, काडीने लिहून खेळायचा आहे, आणि डावखुऱ्यांसाठी त्यात वेगळी सोय आहे. (मेंदू तरुण होतो वगैरे जाहिरातीवर मी विश्वास ठेवत नाही. त्या खेळात सराव केल्याने तो खेळ चांगला येतो, एवढेच म्हणता येईल.) ही मुलगी डाव्या हाताने काडी चालवते आणि यंत्र सरकू नये म्हणून उजवी मूठ त्याच्या कडेवर ठेवते. 'अधू हाताने वस्तू दाबून धर' हेच तिचे फिजिओथेरपिस्ट दोन वर्षे सांगत होते. हात बरा झाला असे मुळीच नाही आणि होईल असेही मी म्हणत नाही. पण तो हात कामाला लागला आहे, आणि यंदा मामेभाऊ तिच्या वळणाची वाट पाहत होता.

अशी मुले, पक्षाघात झालेली मोठी माणसे, कंपवाताचे रुग्ण यांच्यासाठी पडद्याची जात फार महत्त्वाची ठरते. कंप असलेल्या हाताचा पुसटसा स्पर्श मऊ पडदा मोजतच नाही. काच मात्र प्रत्येक थरथर मोजते. उलट ज्याच्या बोटात जोरच नाही, उदाहरणार्थ स्नायू क्षीण होत जाणाऱ्या आजाराचा मुलगा, त्याला काच बरी, कारण तिला दाब लागत नाही. शेतात राबलेल्या, घट्टे पडलेल्या कोरड्या बोटांना काच कधीकधी ओळखत नाही. आजोबा म्हणतात, 'माझ्या बोटाने फोन चालत नाही,' तेव्हा ती थट्टा नसते. बोट जरा ओलसर करून पुसले, तेल किंवा मलम लावून कातडी मऊ ठेवली की फरक पडतो. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेली असेल, तर मऊ पडद्यावर किती दाबतो आहोत हे कळत नाही आणि बोटाच्या टोकाला जखम होऊ शकते. त्यांनी दाबून खेळू नये.

घरात काचेचाच पडदा असेल आणि अधू हात मध्येच टेकत असेल, तर एक सोपा उपाय आहे. जाड सुती हातमोजा त्या हातात घालावा. जाड कापडातून बोटाचा स्पर्श पडद्याला सहसा कळत नाही, त्यामुळे टेकलेला हात मोजला जात नाही. चांगल्या हाताचीही इतर बोटे चुकून लागत असतील, तर मोज्याचे फक्त तर्जनीचे टोक कापून वापरावे. मऊ पडद्यावर या उपायाचा उपयोग नाही, कारण तो दाब मोजतो, मग तो कापडातून का असेना. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा, हे तेथे बहुतेक फोनमध्ये ठरवता येते. कंप असलेल्यांनी हा वेळ वाढवून घ्यावा. स्विचमध्ये कोणत्या बटणाने काय व्हावे, हे बदलण्याची सोय २०२० पासून आहे. एका हाताने खेळणाऱ्याला जवळची बटणे आपल्या सोयीची करून घेता येतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये अपंगांसाठी खास कंट्रोलर काढला. त्याला पायाने, कोपराने, हनुवटीने दाबायची मोठी बटणे जोडता येतात. सोनीने तसा कंट्रोलर २०२३ च्या अखेरीस आणला. ही साधने महाग आहेत. मोजा घरात असतो.

शिक्षक वाचकांसाठी आणखी थोडे. दोन्ही यंत्रे असू द्या. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हलके यंत्र द्या, पडदा कोणताही असो. जड यंत्र मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवावे किंवा टेबलावर उभे करावे. स्विचला मागे टेकू आहे आणि दांड्या काढून हातात वेगळ्या घेता येतात, मग मानही खाली जात नाही. मान जितकी पुढे झुकेल तितका मानेच्या मणक्यांवरचा भार वाढतो. डोके सरळ असताना जे पाच किलोच्या आसपास असते, तेच ६० अंशांत झुकले की सुमारे २७ किलोंसारखे भासते, असे एका शल्यवैद्याने २०१४ मध्ये हिशेब करून मांडले होते. आकडा गणिताचा आहे, प्रत्येकाच्या मानेचा नव्हे, पण दिशा बरोबर आहे. अर्ध्या तासाने यंत्र खाली ठेवून उठायचे, हात झटकायचे, पाणी प्यायचे, खिडकीबाहेर दूरवर पाहायचे. घड्याळ लावून ठेवल्याशिवाय हे होत नाही, कारण वेळेचे भान घालवणे हेच त्या खेळाचे काम आहे. एक खेळ बोटांचा झाला की पुढचा मैदानावरचा. संध्याकाळी अंगणात आट्यापाट्या किंवा क्रिकेट खेळणाऱ्या मुलाचे हात, मान आणि डोळे तिन्ही सुटतात.

मऊ पडदा पुसताना स्पिरिट वापरू नका, वरचा प्लॅस्टिकचा थर खराब होतो. किंचित ओलसर सुती फडके पुरे. काडी हरवल्यास बॉलपेनने खेळू देऊ नका, पडद्यावर चरे पडतात.

आणि डॉक्टरांकडे केव्हा यावे? खेळ आठ-दहा दिवस बंद ठेवूनही अंगठा दुखत असेल. बोट वाकवल्यावर अडकून खटकन सुटत असेल. मनगटावर सूज किंवा गाठ दिसत असेल. किंवा रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन मुंग्या येत असतील तर. शेवटचे लक्षण मोठ्या माणसात असेल तर खेळाला दोष देऊन थांबू नका. मधुमेह आणि थायरॉइड या दोन्हींची रक्ततपासणी करून घ्या.